‘प्रतिकारवर्धक’ नलिकाहार : एका विशेषणाची चिकित्सा

गंभीर आघाताने जायबंदी झालेल्या मनुष्याचे शरीर पहिल्या काही दिवसांत स्वतःचेच मांस जाळून जगत असते, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात आता जुनी झाली आहे. ग्लासगो येथे डेव्हिड कथबर्टसन ह्यांनी १९३० च्या सुमारास हातापायांची हाडे मोडलेल्या रुग्णांच्या मूत्रातील नत्राचे मोजमाप केले, तेव्हा त्यांना असे आढळले की, मोडलेल्या अवयवाच्या आसपासचेच नव्हे तर साऱ्या देहातील स्नायू झिजत असतात. आघातानंतरच्या ह्या अवस्थांना त्यांनी १९४२ मध्ये समुद्राच्या ओहोटीची व प्रवाहाची उपमा दिली. प्रारंभी काही काळ देहव्यापार मंदावतो आणि नंतर चयापचयाचा जोराचा लोट सुरू होतो. ह्या दुसऱ्या अवस्थेत रुग्णाला अन्न कसे, केव्हा आणि कोणत्या मार्गाने द्यावे, हा प्रश्न शल्यचिकित्सकांना पुढे कित्येक दशके पुरला. त्याच प्रश्नातून ज्याला ‘प्रतिकारवर्धक’ म्हटले जाते तो नलिकाहार जन्माला आला. नळीवाटे जठरात किंवा लहान आतड्यात सोडावयाच्या पातळ अन्नात आर्जिनीन, ग्लुटामीन, माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले, न्यूक्लिओटाइडे, आणि त्यांच्या जोडीला सेलेनियम, जस्त, क व ई जीवनसत्त्वे असे घटक नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात मिसळले, की त्या अन्नाला हे विशेषण लावण्याचा प्रघात पडला.

ह्या आहाराविषयीचे वाङ्मय विपुल आहे, आणि त्यातील मतभेदही तितकेच तीव्र आहेत. एका बाजूस संसर्ग निम्म्याने घटल्याचे वृत्त आहे, तर दुसऱ्या बाजूस मृत्यू वाढल्याचे. अशा वेळी दोन्ही पक्षांचे प्रयोग मोजून बहुमत कोणाचे ते पाहण्याकडे सामान्यतः कल असतो. परंतु ह्या विषयात तसे केल्याने फारसे हाती लागत नाही. मतभेदाचे मूळ आकड्यांत जितके आहे त्याहून अधिक ते ह्या विशेषणात आहे. एकाच शब्दाखाली पाच-सहा निरनिराळी द्रव्ये एकत्र आली, आणि ‘अत्यवस्थ रुग्ण’ ह्या दुसऱ्या शब्दाखाली परस्परांहून अगदी भिन्न प्रकृतीची माणसे एकत्र आली. हा दुहेरी गोंधळ उलगडल्याखेरीज कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष नीट वाचता येत नाही.

प्रथम ह्या विचाराची भूमिका ध्यानात घेतली पाहिजे, कारण ती भूमिका स्वतः बरीच भक्कम आहे. आतड्याला केवळ पचनाचे इंद्रिय मानणे मागे पडून ते प्रतिकारव्यवस्थेचेही एक मोठे केंद्र आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. अन्न आतड्यातून गेले नाही, तर तेथील लसिकापेशी कमी होतात व श्लेष्मल आवरणावर पाझरणारे आयजीए प्रतिद्रव्य घटते. त्याचा परिणाम दूरच्या फुप्फुसापर्यंत पोहोचतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. मेम्फिस येथील केनेथ कुड्स्क व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या दृष्टीने आजही वाचण्यासारखा आहे. पोटाला मोठी इजा झालेल्या रुग्णांची चोवीस तासांच्या आत यादृच्छिक वाटणी करण्यात आली. काहींना आतड्यात बसविलेल्या नळीतून आणि काहींना शिरेवाटे पोषण देण्यात आले. ज्यांचे मूल्यमापन झाले त्या ९६ रुग्णांपैकी आतड्यावाटे पोषण मिळालेल्यांत न्यूमोनियाचे प्रमाण शेकडा ११.८, तर शिरेवाटे पोषण मिळालेल्यांत शेकडा ३१ इतके होते. पोटातील गळवांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा १.९ व १३.३ भरले. ह्या प्रयोगाचे खरे सामर्थ्य त्याच्या आकड्यांइतकेच त्याच्या मांडणीत आहे. दोन्ही बाजूंच्या अन्नातील प्रथिने, मेद व कर्बोदके जवळजवळ सारखी ठेवलेली होती. बदलला होता तो मार्ग. त्यामुळे फरक कशामुळे पडला, ह्या प्रश्नाला एकच उत्तर संभवत होते.

अशी स्वच्छ मांडणी पुढच्या पायरीवर टिकली नाही. आतड्याला अन्न मिळाल्याने लाभ होतो, तर आतड्याला व पांढऱ्या पेशींना विशेष प्रिय असलेली द्रव्ये त्या अन्नात वाढविल्यास लाभ अधिक होईल, असे अनुमान साहजिकच पुढे आले. त्याला आधारही होते. जळालेल्या मुलांना प्रथिनांचा वाढीव पुरवठा केल्यास त्यांची प्रतिकारशक्ती सुधारते, हे सिनसिनाटीच्या वेस्ली अलेक्झांडर ह्यांनी १९८० मध्येच दाखविले होते. ग्लुटामीन हे आतड्याच्या अस्तरपेशींचे व लसिकापेशींचे प्रमुख इंधन आहे, आणि मोठ्या आघातानंतर त्याची रक्तातील पातळी खालावते. आर्जिनीनवाचून टी-पेशींची वाढ खुंटते. माशांच्या तेलातील मेदाम्ले पेशींच्या आवरणात शिरून दाह भडकविणाऱ्या द्रव्यांऐवजी सौम्य द्रव्ये निर्माण करवितात. प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे. परंतु ही सर्व द्रव्ये एका पातेल्यात घातली असता त्या सर्वांचा परिणाम एकाच दिशेने होईल, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नव्हते. किंबहुना, आर्जिनीन पेशींना चेतविते आणि ओमेगा-३ मेदाम्ले दाह शमवितात, असे मानावयाचे असेल तर दोघांनाही ‘वर्धक’ म्हणणे हा निव्वळ भाषेचा ढिलेपणा होय.

मराठीत हा ढिलेपणा अधिकच जाणवतो. ‘वर्धन’ म्हणजे वाढविणे. जे वाढवावयाचे ते कमी पडलेले आहे, असे त्या शब्दात गृहीत असते. मोठ्या आघातानंतर प्रतिकारव्यवस्था मात्र एकाच वेळी दोन्ही टोकांना गेलेली असते. रक्तात दाहकारक द्रव्यांचा पूर आलेला असतो, आणि त्याच वेळी लसिकापेशी नव्या जंतूला तोंड देण्यास असमर्थ झालेल्या असतात. अशा अवस्थेत काय वाढवावयाचे? इंग्रजीतील लेखकांनी पुढे ‘वर्धक’ ह्या अर्थाचा शब्द सोडून ‘नियामक’ ह्या अर्थाचा शब्द स्वीकारला. तो बदल योग्य होता, पण त्याने नवे ज्ञान आले नाही. आपल्याकडे तर चूर्णाच्या डबीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सर्वत्र प्रतिकारशक्ती वाढविण्याची ग्वाही दिलेली आढळते, आणि त्या सवयीने हा शब्द रुग्णालयात ऐकला की तो परीक्षेवाचूनच पटतो.

आता प्रयोगांकडे वळले असता पहिला आक्षेप तुलनेच्या अन्नाविषयी घ्यावा लागतो. फ्रेडरिक मूर व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९४ चा बहुकेंद्री प्रयोग ह्या मताचा आधारस्तंभ म्हणून वारंवार उल्लेखिला जातो. ९८ आघातग्रस्त रुग्णांपैकी प्रतिकारवर्धक आहार मिळालेल्यांत पोटातील गळू एकालाही झाले नाही व अनेक इंद्रिये एकदम निकामी होण्याचा प्रसंग एकावरही आला नाही. नियंत्रक गटात ही दोन्ही प्रमाणे शेकडा ११ होती. हे आकडे पाहून कोणीही प्रभावित होईल. पण नियंत्रक गटाला जे अन्न दिले गेले त्यात नत्राचे प्रमाणच कमी होते. म्हणजे एका गटाला विशेष द्रव्ये मिळाली आणि शिवाय प्रथिनेही अधिक मिळाली. कथबर्टसनच्या काळापासून ज्याच्या नाशाची चिंता वाहिली जात होती ते नत्रच दोन गटांत असमान असेल, तर लाभाचे श्रेय आर्जिनीनला द्यावयाचे की साध्या प्रथिनांना, हे ठरविण्यास मार्ग राहत नाही.

हा दोष ओळखूनच कुड्स्क ह्यांनी १९९६ मध्ये समनत्र आहारांची तुलना प्रसिद्ध केली. प्रयोगाचे शीर्षकच त्या सुधारणेची ग्वाही देते. ह्यात प्रतिकारवर्धक आहार घेणाऱ्यांत मोठे संसर्ग शेकडा ६, समनत्र आहार घेणाऱ्यांत शेकडा ४१, आणि आतड्यात नळी न बसविल्यामुळे लवकर आहार न मिळालेल्यांत शेकडा ५८ असे आढळले. येथे टीकाकाराने थोडे थांबले पाहिजे. तिसरा गट यादृच्छिक वाटणीतून आलेला नव्हता. ज्यांना नळी बसविली गेली नव्हती असे तत्कालीन रुग्ण तुलनेसाठी घेतले होते. म्हणून त्याला बाजूस ठेवणेच न्याय्य होय. उरलेल्या दोन गटांत मिळून ३३ रुग्ण अखेरपर्यंत राहिले. म्हणजे शेकडा ६ हा एक रुग्ण आहे, आणि शेकडा ४१ म्हणजे सात रुग्ण. पहिल्या गटातील आणखी एकाच रुग्णाला संसर्ग झाला असता, तर हा फरक सांख्यिकीय कसोटीवर टिकला नसता. ह्याचा अर्थ तो निष्कर्ष खोटा आहे असा नव्हे. प्रश्न अचूक विचारला गेला, परंतु त्याचे उत्तर देण्यास माणसे फारच थोडी होती, एवढाच त्याचा अर्थ. मांडणी सुधारली आणि संख्या आकसली, हे ह्या क्षेत्राचे दुर्दैव वारंवार दृष्टीस पडते. त्यानंतरच्याच वर्षी बहुआघातग्रस्त ४३ रुग्णांवरील मेंडेझ व सहकाऱ्यांच्या प्रयोगात असल्या आहाराचा लाभ दिसून आला नाही. पण तोही इतका लहान की त्याच्या नकाराला होकाराइतकेच वजन द्यावे लागते.

ह्या सर्व मिश्रणांच्या गर्दीत ॲम्स्टरडॅमच्या हाउडाइक व सहकाऱ्यांचा १९९८ चा प्रयोग वेगळा उठून दिसतो, कारण त्यात मिश्रण नव्हते. केवळ ग्लुटामीन वाढविलेला आहार आणि समनत्र नियंत्रक आहार अशी सरळ तुलना होती. न्यूमोनिया २९ पैकी ५ जणांना आणि नियंत्रक गटात ३१ पैकी १४ जणांना झाला. रक्तात जंतू सापडण्याचे प्रमाणही शेकडा ४२ वरून ७ वर आले. एका द्रव्याला एकच प्रश्न विचारल्याने उत्तर किती स्पष्ट येते, ह्याचा हा नमुना होय. तरीही त्यात एक उणीव राहिली. वाटणी ७२ रुग्णांची झाली, पण निष्कर्ष काढला गेला तो निदान पाच दिवस आहार घेऊ शकलेल्या ६० जणांवरून. ज्यांना पाच दिवस अन्न सोसले नाही ते बहुधा सर्वांत आजारी असणार, आणि नेमके तेच हिशेबातून निघून गेले.

आतापर्यंतचे आक्षेप पद्धतीचे होते. रुग्ण कोण, हा प्रश्न त्यांहून गंभीर आहे, आणि त्यासाठी आर्जिनीनचे उदाहरण पुरेसे आहे. आघातानंतर अस्थिमज्जेतून बाहेर पडणाऱ्या काही अपक्व पेशी आर्जिनेज नावाचे विकर मोठ्या प्रमाणात सोडतात. त्यामुळे रक्तातील आर्जिनीन नष्ट होते, आणि त्याच्या अभावी टी-पेशी निष्प्रभ ठरतात. ह्या रुग्णाला आर्जिनीन देणे म्हणजे जे खरोखरच कमी पडले आहे ते भरून काढणे होय. सेप्सिसच्या रुग्णात चित्र निराळे असू शकते. तेथे आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड बनविणारे विकर चेतविलेले असते. त्या ऑक्साइडाने रक्तवाहिन्या सैल पडतात व रक्तदाब ढासळतो. आधीच ढासळलेल्या रुग्णाला त्याच वायूचा कच्चा माल पुरविणे घातक ठरेल, अशी भीती पुष्कळांनी व्यक्त केली. ही भीती पूर्णपणे सिद्ध झाली असे म्हणता येत नाही, कारण सेप्सिसच्या रुग्णांना आर्जिनीन सावकाश शिरेवाटे दिले असता रक्तदाब घसरत नाही, असे नंतरच्या छोट्या प्रयोगांत दिसले. तथापि एकच द्रव्य दोन रुग्णांत दोन तऱ्हांनी वागू शकते, हा मुद्दा त्यामुळे बाधित होत नाही. आणि अतिदक्षता विभागात हे दोन्ही रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतात.

डॅरन हेलँड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २२ प्रयोगांतील २४१९ रुग्णांचे संकलित विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा ह्या गोंधळाचे स्वरूप प्रथम ठळकपणे दिसले. एकत्रित हिशेबात संसर्गाचे सापेक्ष प्रमाण ०.६६ इतके खाली आले होते. परंतु मृत्यूचे सापेक्ष प्रमाण १.१० होते. ते वाढलेच असे सांख्यिकीय दृष्ट्या म्हणता येत नव्हते, पण घटले असेही म्हणता येत नव्हते. गट वेगळे केल्यावर असे दिसले की, संसर्गाबाबतचा लाभ मुख्यतः पूर्वनियोजित शस्त्रक्रियेच्या रुग्णांत होता, अत्यवस्थ रुग्णांत नव्हे. आजच्या अभ्यासकाने ह्या ठिकाणी आणखी एक शंका मनात ठेवावी. रुग्णाला जंतुसंसर्ग होण्यासाठी प्रथम तो जिवंत असावा लागतो. एखाद्या आहाराने मृत्यू थोडे वाढले, तर मेलेल्यांना न्यूमोनिया होण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि संसर्गाची संख्या आपोआप घटलेली दिसते. संसर्ग हे मोजण्यास सोयीचे फळ असल्यामुळे प्रयोगकर्त्यांनी ते निवडले. मृत्यू मोजण्यासाठी शेकडो रुग्ण लागले असते. सोयीच्या मापाने मिळालेले यश रुग्णाच्या हिताचे यश मानले गेले, ही ह्या वाङ्मयातील सर्वांत महाग पडलेली चूक होय.

ती किती महाग पडली हे क्रमाने उघड झाले. इटलीतील बेर्तोलिनी व सहकाऱ्यांच्या २००३ च्या वृत्तानुसार तीव्र सेप्सिस असलेल्या ३९ रुग्णांत प्रतिकारवर्धक नलिकाहार घेणाऱ्यांचे मृत्युप्रमाण शेकडा ४४.४ आणि शिरेवाटे पोषण घेणाऱ्यांचे शेकडा १४.३ आढळल्याने त्या रुग्णांची भरती थांबवावी लागली. २०११ मध्ये फुप्फुसाच्या तीव्र विकाराच्या २७२ रुग्णांवरील अमेरिकन प्रयोगही मध्येच बंद करण्यात आला. ओमेगा-३ मेदाम्ले व प्रतिऑक्सिडके मिळालेल्यांना श्वसनयंत्रापासून मुक्त असे दिवस उलट कमीच लाभले. येथे हेही नमूद केले पाहिजे की ह्या प्रयोगात नियंत्रक पेयात प्रथिने अधिक होती. १९९४ च्या प्रयोगातील नत्राचा दोष येथे उलट्या दिशेने पुन्हा अवतरला, आणि ज्यांनी तेव्हा तो दोष डोळ्याआड केला त्यांना आता त्याची आठवण झाली. दोन्ही वेळी तोच न्याय लावणे हे समीक्षकाचे काम आहे.

२०१३ चा रेडॉक्स प्रयोग ह्या सर्वांहून मोठा. एकाहून अधिक इंद्रिये निकामी झालेल्या व यंत्रावर श्वास घेणाऱ्या १२२३ रुग्णांत ग्लुटामीन व प्रतिऑक्सिडके ह्यांची पृथक् परीक्षा करण्यात आली. प्रतिऑक्सिडकांनी काहीच फरक पडला नाही. ग्लुटामीन मिळालेल्यांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू शेकडा ३२.४, तर न मिळालेल्यांत २७.२ होते, रुग्णालयातील मृत्यू शेकडा ३७.२ विरुद्ध ३१. ह्या निष्कर्षाने ग्लुटामीनचे समर्थक हादरले व त्यांनी अनेक खुलासे केले. मात्रा फार मोठी होती, कारण शिरेवाटे व नळीवाटे अशा दोन्ही मार्गांनी ती दिली गेली. रुग्ण शॉकमध्ये असतानाच ती सुरू झाली. कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. हे खुलासे खोटे नाहीत. परंतु ज्या काही रुग्णांच्या रक्तातील पातळी मोजली गेली, त्यांतील पुष्कळांत ग्लुटामीन मुळात कमी झालेलेच नव्हते, ही गोष्ट त्या सर्व खुलाशांहून अधिक बोलकी आहे. न्यूनतेच्या गृहीतावर उपचार उभारावयाचा आणि न्यूनता आहे की नाही हे पाहावयाचे नाही, हा क्रम औषधाच्या बाबतीत कोणी सहन केला नसता. अन्नाच्या बाबतीत तो सहन झाला, कारण अन्नाने अपाय होत नाही असा समज होता.

पुढच्याच वर्षीचा मेटाप्लस प्रयोग ह्या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. युरोपातील १४ अतिदक्षता विभागांतील ३०१ रुग्णांना प्रथिनांनी समृद्ध असे दोन आहार देण्यात आले. एकात ग्लुटामीन, ओमेगा-३ मेदाम्ले व प्रतिऑक्सिडके वाढविलेली होती. म्हणजे मूरच्या प्रयोगातील नत्राचा दोष येथे दूर झाला होता. नवे संसर्ग एका बाजूस शेकडा ५३ आणि दुसऱ्या बाजूस ५२. वीस वर्षांचा सारा लाभ एका टक्क्याच्या आत विरघळून गेला. शिवाय शस्त्रक्रियेवाचून आजारी पडलेल्या, म्हणजे ‘वैद्यकीय’ गटातील रुग्णांत सहा महिन्यांतील मृत्यू शेकडा ५४ विरुद्ध ३५ असे वाढलेले आढळले. आघातग्रस्तांच्या गटात अशी वाढ दिसली नाही. लाभही दिसला नाही.

ह्या पार्श्वभूमीवर मार्गदर्शक सूचनांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्ये आघातग्रस्तांसाठी प्रतिकारनियामक आहाराची सर्वोच्च श्रेणीची शिफारस केली होती. अमेरिकन संस्थांच्या २०१६ च्या सूचनांत तीच गोष्ट ‘विचारात घ्यावी’ इतकी नरमली, आणि तिच्यामागील पुराव्याला अतिशय हलका दर्जा दिला गेला. युरोपीय संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचनांनी मिश्रण बाजूस सारून एकट्या ग्लुटामीनपुरते बोलावयाचे ठरविले : आघातग्रस्त रुग्णाला पहिले पाच दिवस, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास दररोज ०.२ ते ०.३ ग्रॅम इतके नळीवाटे देता येईल. इतर अत्यवस्थांना, भाजलेल्यांचा अपवाद वगळता, देऊ नये. रुग्णांचे वर्ग पाडणे व द्रव्य एकेकटे पाहणे हे दोन्ही ह्या सूचनेत आहे, आणि म्हणून ती आधीच्या सर्वांहून शहाणी आहे. तिचा मुख्य आधार मात्र हाउडाइकचेच साठ रुग्ण आहेत.

भाजलेल्यांच्या अपवादाचीही २०२२ मध्ये परीक्षा झाली. चौदा देशांतील ५४ केंद्रांत तीव्र भाजलेल्या १२०९ रुग्णांना नळीवाटे ग्लुटामीन देऊन पाहण्यात आले. जिवंतपणी घरी जाण्याचा काळ त्याने कमी झाला नाही, आणि सहा महिन्यांतील मृत्यू शेकडा १७.२ व १६.२ असे जवळजवळ सारखेच राहिले. ग्लुटामीनची न्यूनता ज्यांच्यात सर्वाधिक अपेक्षित, असा हा रुग्णवर्ग होता. मोडक्या हाडांच्या व फुटलेल्या यकृताच्या रुग्णासाठी इतक्याच आकाराची परीक्षा होईपर्यंत चिकित्सकाच्या हाती उरते ते १९९२ च्या प्रयोगाने दिलेले ज्ञान : रुग्णाचा रक्तप्रवाह सावरताच आतड्यात नळीवाटे अन्न सोडावे, आणि त्यात प्रथिने पुरेशी असावीत.